येथे शब्द पुरवले जात नाहीत

"डॉक्टर, डोकं उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही, असं तुमच्या हातून कधी झालंय का?"

प्रश्न विचारून झाला आणि भोंगा खुर्चीत अशी ऐटीत टेकून बसली, जणू गणिताचा पेपर अर्धा तास आधीच देऊन आलीय. डावीकडे आईने कपाळाला हात लावला. उजवीकडे बाबांनी छताकडे पाहिलं. मागच्या स्टुलावर बसलेल्या आत्याने पर्समध्ये इतकं खोल तोंड खुपसलं की ती आता तिथेच राहायला जाते की काय असं वाटावं.

पैज लावली होती काडी आणि घुबड या दोन जिवलग मैत्रिणींनी. एक हडकुळी, एकीला जाड भिंगाचा चष्मा. डॉक्टरांना हा प्रश्न विचारून दाखवलास तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, असा करार वहीच्या मागच्या पानावर सह्यांनिशी झाला होता. एवढ्या दप्तरासाठी भोंग्याने याहून भयंकर प्रश्नही विचारला असता.

डॉक्टर हसले नाहीत. कपाळावर सरकवलेला चष्मा त्यांनी नाकावर घेतला आणि खरोखर आठवून पाहिल्यासारखं केलं.

"चोवीस वर्षांत एकदाही नाही," ते म्हणाले. "आणि तुझं तर उलटंच आहे. तुझ्या डोक्यात लागतं त्यापेक्षा थोडं जास्त सापडलंय. ते जास्तीचं तेवढं आपल्याला काढायचंय."

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. राखाडी अक्रोडासारखं काहीतरी होतं आणि त्याच्या एका बाजूला पांढुरका ढग अडकला होता. साधारण पेढ्याएवढा. आईने एकदा पाहिलं आणि लगेच मान फिरवली. भोंगा मात्र वाकून पाहत राहिली. आपल्या डोक्यात खरोखरच मेंदू आहे याचा हा पहिला लेखी पुरावा होता. गणिताच्या बाईंना दाखवायला हवा.

आता तिचं नाव भोंगा कसं पडलं ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. वर्षभरापूर्वी ही मुलगी एवढी बुजरी होती की हजेरीला "हजर" म्हणायची ते तिच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. दोनदा तर ती वर्गात बसलेली असताना गैरहजर लागली. मग एका फुटबॉलच्या सामन्यात खेळाच्या सरांचा घसा बसला, त्यांनी जवळ जो उभा होता त्याच्या हातात माईक कोंबला, आणि जवळ ही उभी होती. पहिली दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू आला. तिसऱ्या मिनिटाला आठवीच्या एका पोराने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारला आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "वा! पत्ता चुकला, पण पार्सल पोचलं!" अख्खं मैदान हसलं. त्या दिवसापासून तिचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. आठ महिन्यांत शाळेचा एकही सामना तिच्या समालोचनाशिवाय झाला नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, मैदानावर, माईक हातात असताना ती अडली. "चेंडू आता थेट... चेंडू थेट..." तो समोर उभा होता. हिरवे हातमोजे घातलेला, गेल्या आठवड्यात वर्गाबाहेर उभा केलेला, त्याच्याबद्दल तिला सगळं माहीत होतं. फक्त तो जो असतो, जाळ्यापुढे उभा राहतो, त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. सात सेकंद भोंगा गप्प. मग तिच्या उजव्या हातातून माईक गळून पडला, ओठाचा कोपरा आपोआप उडायला लागला, आणि त्यानंतरचं तिला आठवत होतं ते एकदम खेळाच्या सरांच्या बुटांची लेस. गोलकीपर हा शब्द तिला रुग्णवाहिकेत आठवला. ती तो एवढ्या जोरात ओरडली की नर्स दचकली.

"मला एक सांगा," डॉक्टर आता मोठ्यांकडे वळले, "हिचे शब्द अडायला कधीपासून लागले?"

"हिचे? शब्द?" आई म्हणाली. "अहो, हिच्या तोंडाचा पट्टा..."

"...झोपेतसुद्धा चालू असतो," बाबांनी पूर्ण केलं.

"वर्गशिक्षिकेने तर डायरीत..." आत्या पर्समधून बाहेर आली.

"...दोनदा लिहून पाठवलंय," आईने संपवलं.

डॉक्टर तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले, टेनिसचा सामना बघावा तसे. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! या घरात कुणाचंच वाक्य कुणीच एकट्याने संपवत नसे. आई औषधांच्या दुकानात काउंटरला. गिऱ्हाईक "ती ती छोटी, पिवळी..." एवढं म्हणेपर्यंत हिने पाकीट काढून पुढे सरकवलेलं असायचं. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि वीस वर्षांत तो पाय कधी मोकळा असा बसलाच नव्हता. समोरचा चुकणार असं दिसलं की पाय दाबलाच. आणि आत्या म्हणजे चालतंबोलतं शब्दकोडं. नुसतं "चार अक्षरी" म्हणा, ती पेन्सिल उचलते. असे तिघे एका छपराखाली. घरात रिकामी जागा दिसली रे दिसली की भरली.

डॉक्टरांनी खण उघडून एक वस्तू वर धरली. "हे काय आहे?"

"ते... आपलं..."

"स्टेपलर!" तिघांनी एका सुरात सांगितलं.

डॉक्टरांनी तो खाली ठेवला. "आता पुढचं फक्त हिने सांगायचं. तुम्ही कुणीही बोलू नका. कृपा करून."

त्यांनी वर धरलं ते कुलूप होतं.

भोंग्याला ते दिसत होतं. शाळेच्या कपाटाला हेच होतं. याचीच किल्ली हरवून बाबा सगळं घर डोक्यावर घ्यायचे. बंद करताना कट् असा आवाज येतो तोही तिला ऐकू आला. नाव मात्र नव्हतं. जिथे असायला हवं तिथे नुसती मोकळी खुंटी. आईचे ओठ आवाज न करता हलत होते. बाबांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला. आत्याने स्वतःच्या तोंडावर स्वतःचाच हात धरला होता.

पाच सेकंद. दहा.

"ते दाराला लावतात ते," भोंगा शेवटी म्हणाली.

आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही असंच बोलतेय," आई हळूहळू म्हणाली. "चार-पाच महिने. 'ते दे ना.' 'त्याच्यावर ठेवलंय.' आणि मी... मी देत राहिले."

बाबांनी ते वाक्य पूर्ण केलं नाही. भोंग्याच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

डॉक्टरांनी मग सगळं समजावून सांगितलं. गाठ हळू वाढणारी वाटतेय, नक्की काय ते काढून तपासल्यावर कळेल. पण ती बसलीय नेमकी शब्दांच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून. म्हणून काढताना भोंग्याला मध्येच जागं करायचं. आधी गाढ झोपवून डोकं उघडायचं, मग उठवायचं आणि बोलायला लावायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडी बधिर केलेली असते. डॉक्टर एकेका जागी अगदी बारीकसा वीजप्रवाह लावणार. शब्द अडला की ती जागा कामाची, तिथे हात लावायचा नाही.

"म्हणजे माझ्या ऑपरेशनला मी हजर असणार?" भोंग्याचे डोळे चमकले. काडी आणि घुबड मत्सराने मरतील!

"नुसती हजर नाही. तूच आम्हाला रस्ता दाखवणार."

ती खूश झाली. आणि मग दाराशी पोचल्यावर, बाकीचे बाहेर पडल्यावर, तिने मागे वळून आणखी एक प्रश्न विचारला. हा कुणी पैज लावून दिलेला नव्हता.

"माझे शब्द गेले तर?"

आठ महिने. आठच तर महिने झाले होते तिला स्वतःचा आवाज सापडून.

"ते जाऊ नयेत म्हणूनच तर तुला उठवायचं," डॉक्टर म्हणाले. "काही दिवस रुसतील कदाचित. त्यांची वाट बघावी लागेल."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. इस्पितळात एक वाचातज्ज्ञ होत्या. भोंग्याने त्यांचं नाव कार्डवाल्या मॅडम ठेवलं. त्यांच्याकडे चित्रांची गड्डी होती. चित्र दिसलं की म्हणायचं, "मला दिसतंय," आणि पुढे नाव. मला दिसतंय, छत्री. मला दिसतंय, शिडी. जे चित्र आजच अडेल ते मॅडम गड्डीतून काढून टाकायच्या, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी अडलं तर ते प्रवाहामुळेच, हे नक्की. कुलूप पहिल्याच दिवशी बाद झालं. कासव आणि शिट्टी पाठोपाठ गेली.

"शिट्टी राहू द्या ना," भोंगा गयावया करत म्हणाली. "समालोचकाला शिट्टी म्हणता येत नाही म्हणजे नाक कापलं."

"नियम म्हणजे नियम," मॅडम म्हणाल्या. "आणि घरी सांग, कुणीही शब्द सुचवायचा नाही. तुझा तू शोधायचा."

घरी सांगणं सोपं होतं. पाळणं? भोंग्याने एका पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'येथे शब्द पुरवले जात नाहीत', आणि पाटी फ्रिजवर लावली. पहिल्याच जेवणाला ती म्हणाली, "आई, जरा..." आणि थांबली. झालं! तीन माणसं हातात घास धरून पुतळे झाली. आत्याच्या तोंडात 'मीठ' नुसतं उड्या मारत होतं. बाबांचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत होता. आई पाण्याचा तांब्या, चमचा आणि मिठाची बाटली अशा तिन्ही गोष्टी एकदम उचलून बसली होती. पाऊण मिनिट गेलं.

"...माझ्या ताटावरून तुझी बाही काढ," भोंगा म्हणाली.

आईची बाही खरंच आमटीत होती.

सवय अशी लागली की आई दुकानातही गप्प राहू लागली. एक म्हातारे गृहस्थ "ती हो... ती रात्री घेतो ती..." म्हणत उभे राहिले आणि आई हनुवटीखाली हात घेऊन प्रेमाने त्यांच्याकडे बघत राहिली. "बाई, बरं वाटत नाही का तुम्हाला?" त्यांनी शेवटी घाबरून विचारलं. बाबांनीही त्या आठवड्यात ब्रेक म्हणे अर्ध्याहून कमी वेळा दाबला. गाडीला दोन पोचे आले ते वेगळं.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. डाव्या कानावरचा केसांचा पट्टा भादरलेला बघून काडीने आदल्या संध्याकाळीच निकाल दिला होता, "मैदानाच्या कडेला मारतात तशी रेघ दिसतेय." भोंगा त्यावर पोट धरून हसली होती. आता चाकांच्या पलंगावर आडवी पडल्यावर तिला हसू येत नव्हतं. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते. दाराशी आई वाकली.

"घाबरू नको हं, सगळं..." आई म्हणाली आणि तिचंच वाक्य अडलं.

भोंग्याने तिला वेळ दिला.

"...सगळं मला सांग नंतर," आई म्हणाली.

मग झोप. मग कुणीतरी फार लांबून हाक मारतंय असं वाटलं आणि भोंगा जागी झाली. निळ्या कापडाचा छोटासा तंबू, त्यात ती कुशीवर, डोकं असं पक्कं बसवलेलं की हलवायचं म्हटलं तरी हलेना. समोर, तंबूच्या तोंडाशी, मास्कवर दोन ओळखीचे डोळे. कार्डवाल्या मॅडम.

"दुखतंय?"

"नाही." आवाज घोगरा, पण तिचाच. "मागे कोण सरबत संपवतंय?"

पेल्याच्या तळाशी नळी फुरफुरावी तसा आवाज येत होता. "ते आम्ही," कापडामागून डॉक्टर म्हणाले. "सुरू करू या का?"

मला दिसतंय, छत्री. मला दिसतंय, शिडी. मला दिसतंय, घोडा. भोंगा धडाधड सुटली. घोड्यानंतर सायकल, सायकलनंतर कंगवा. तिला वाटलं, काय सोपंय!

"मला दिसतंय..."

चित्रात किटली होती. चोच, मूठ, झाकण, वाफ. आणि नाव नाही. अडखळणं वेगळं. हे म्हणजे पायरी समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. तिला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. आठ माणसं होती त्या खोलीत. आठही गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. घरी तीन माणसांना जे पाऊण मिनिट जेमतेम जमलं होतं ते ही परकी माणसं निवांत करत होती, तिची वाट बघत होती. मॅडमचे डोळे तिच्यावर स्थिर. वेळ आहे, ते डोळे म्हणत होते.

"किटली!" भोंगा ओरडली. "किटली, किटली, किटली! चुकलं का माझं?"

"अजिबात नाही," डॉक्टर मागून म्हणाले आणि त्यांचा आवाज चक्क खूश होता. "फार छान अडलीस. ही जागा तुझी. मी इथे खूण ठेवतो."

अशा चार खुणा झाल्या. मग चित्रं बाजूला ठेवून मॅडम म्हणाल्या, "आता तुला हवं ते बोल. फक्त थांबू नको."

हे म्हणजे भोंग्याला कुणी मैदानच लिहून दिल्यासारखं झालं. "नमस्कार मंडळी! सामना रंगात आलाय. डॉक्टरांच्या पायात, माफ करा, हातात चेंडू आहे. गाठ बचावाच्या पवित्र्यात. डावीकडून चाल, सिस्टरने पास दिला, काय दिला ते मला दिसत नाही पण सुंदर दिला..."

"मला हसवू नको," कापडामागून आलं. "माझा हात हलेल."

"पंचांनी समालोचकाला पिवळं कार्ड दाखवलंय!"

ती किती वेळ बोलत होती कोण जाणे. मग तिलाच जाणवलं, शब्द पातळ होताहेत. "आता चेंडू... तो... तिकडे... तो मोठा..." वाक्यं छोटी झाली, मग तुकडे झाले. फुरफुर थांबली.

"बस," डॉक्टर म्हणाले. "एक कोपरा उरलाय, पण तो तुझ्या शब्दांना चिकटलाय. तो मी राहू देतो. शिट्टी वाजली."

शिट्टी! तिला म्हणायचं होतं, हा शब्द तर बाद होता ना. पण जीभ जड झाली आणि तंबू विरघळला.

शब्द रुसले ते खरंच रुसले. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे हो, नाही आणि का कुणास ठाऊक 'कंगवा' एवढेच होते. काडी आणि घुबड भेटायला आल्या तेव्हा तिने सगळा सोहळा 'कंगवा' या एकाच शब्दात, हातवारे करून सांगितला आणि त्यांना म्हणे सगळं कळलं. तपासणीचा अहवाल आला. गाठ हळू वाढणाऱ्यांतली होती. उरलेल्या कोपऱ्यावर दर काही महिन्यांनी फोटो काढून नजर ठेवायची. शब्दही हळूहळू परतायला लागले, सुट्टीनंतर शाळेत येतात तसे, रमतगमत, एकेक.

पण घर पुन्हा बिघडलं. आता तर माया उतू जात होती. भोंग्याने तोंड उघडलं की तीन दिशांनी शब्द यायचे, उशीसारखे, तिला लागू नये म्हणून. फ्रिजवरची पाटी कुणी काढली नाही, पण तिच्यावर दूधवाल्याचा नंबर चिकटला. भोंगा गप्प बसू लागली. गप्प बसणं सोपं होतं. बुजऱ्या मुलीला ते पाठ होतं.

ऑपरेशनला सात आठवडे झाले त्या दुपारी फोन वाजला. खेळाचे सर होते. शनिवारी अंतिम सामना, माईक तिच्यासाठी ठेवलाय, तिला जमेल का? भोंगा दाराआड उभी होती. आई फोनवर म्हणत होती, "नाही हो सर, ती कशी करणार! अजून शब्द अडतात तिचे, सगळ्यांसमोर हसं होईल. आणि तिचीही इच्छा नाहीये."

तिचीही इच्छा नाहीये.

आजवर या घराने तिची पुष्कळ वाक्यं पूर्ण केली होती. हे तर तिने सुरूही केलं नव्हतं.

ती आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि कार्डवाल्या मॅडमना फोन लावला. प्रश्न विचारायला तिला दोन मिनिटं लागली. मॅडमनी दोन मिनिटं ऐकलं. मग डॉक्टरांना विचारून उलट फोन केला. सावलीत बसून, टोपी घालून, फक्त पहिला हाफ. थकलीस की माईक खाली. "आणि डॉक्टर विचारतायत," मॅडम म्हणाल्या, "प्रेक्षकांना प्रवेश आहे का?"

जेवायला सगळे बसले. भोंग्याने फ्रिजवरची पाटी काढली, दूधवाल्याचा नंबर सोडवला आणि पाटी टेबलाच्या मधोमध आमटीच्या पातेल्याला टेकून उभी केली. तिघांनी पाटी वाचली. मग एकमेकांकडे पाहिलं.

"आई, बाबा," ती म्हणाली. "आत्या, तू पण. शनिवारी फायनल आहे. पहिल्या हाफचं... पहिल्या हाफचं..."

खुंटी मोकळी होती.

आत्याने पेन्सिल दातांत धरली आणि कचकन चावली. बाबांच्या पायाखाली फरशी कुरकुरली, मग त्यांनी मोठ्या कष्टाने, दोन्ही हातांनी गुडघा धरून, तो पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. आईचे डोळे भरले होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिने काहीही उचललं नव्हतं. भोंगा घाबरली नाही. पायरी खाली असते, नुसती थोडी खोल असते, हे तिला आता माहीत होतं. तिने पाय सोडला.

"...समालोचन मी करणार," ती म्हणाली. "सरांना फोनही मीच करणार. आत्ता. तो जरा लांबेल, पण कुणीही मध्ये पडायचं नाही."